तपासणीची तारीख

काजवालीचं डोकं दुखायला लागलं तेव्हा घरातल्या कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. तिनं स्वतः तर नाहीच. दिवसभर खिडकीपाशी बसून शर्टांची काजं भरायची आणि संध्याकाळी मान वर केली की समोरची भिंत हलल्यासारखी वाटायची, हे तिनं धंद्यातच धरलेलं होतं. आसपासच्या सगळ्या शिंप्यांचं काम तिच्याकडे यायचं. मशीनवर भरलेली काजं चार धुण्यांत उसवतात. हिची मात्र कापड विरलं तरी जागची हलायची नाहीत. म्हणून तिचं नाव काजवाली पडलं, आणि खरं नाव फक्त सासरच्या कागदपत्रांत उरलं.

नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. खाली दुकान, वर घर. माणूस बोलका, हसरा, अंगाला कायम तेलाचा वास. गिऱ्हाइकाला बोलण्यात असा गुंतवायचा की मशीन वेळेत झालेलं नाही हे त्याच्या लक्षातही यायचं नाही. दुकानात हे चालून जायचं.

घरात आणखी दोघं. समोरच्या खोलीत खाटेवर त्याचे वडील, बाबा. आयुष्यभर लांब पल्ल्याच्या गाड्या चालवलेला माणूस. झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आणि दुसरी त्याची मोठी बहीण, ताई. ताई टेलिफोन खात्यात होती. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा कुणीतरी एकानं घरी थांबायला हवं होतं. भावाचं दुकान नुकतंच जम धरत होतं, भावजयीच्या काजांवर घर चाललं होतं, आणि ताईला पाळ्या होत्या, त्यातही रात्रीच्या जास्त. तिनं नोकरी सोडली. थांब असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. थांबू नकोस असंही कुणी म्हटलं नाही.

एके दिवशी काजवाली हातातल्या पातेल्यासकट स्वयंपाकघरात पडली. मग मात्र धावपळ झाली. जवळच्या डॉक्टरनं तपासून, मान हलवून, समुद्रकाठच्या एका शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलाची चिठ्ठी दिली. दोघं बसनं गेले. जाताना तिचा जीव टांगणीला लागला होता. नवरा सबंध रस्ताभर विनोद करत होता, म्हणजे तोही घाबरलेला होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत दिवा धरून पाहिलं, रक्त घेतलं, फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं की काहीही नाही. नजर जवळच्याला अडकलीय. चष्मा घाला, आणि अधूनमधून डोळ्यांना लांबचं काहीतरी दाखवत जा.

"लांबचं म्हणजे किती लांबचं?" नवऱ्यानं विचारलं.

"जितकं लांब दिसेल तितकं," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

परतीची बस दुसऱ्या दिवसाची होती. ऊन उतरलं तेव्हा दोघं चालत समुद्रावर गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण घर आणि दुकान सोडून दोघंच कुठं बसलेत असं घडलंच नव्हतं. बंधाऱ्याच्या दगडावर बसून त्यांनी पाव आणि केळी खाल्ली. पलीकडे एक जुना किल्ला होता. ओहोटीला त्याच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येतं असं तिथल्या चहावाल्यानं सांगितलं. ते गेले. गंजलेल्या तोफेवर बसून ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. कशावरून हसली ते तिला नंतर कधी आठवलं नाही. मुक्कामाला दोरखंडाच्या दुकानावरची एक खोली मिळाली. गादीला डांबराचा वास होता आणि खिडकी बंद होत नव्हती. इतकी गाढ झोप तिला लहानपणानंतर लागली नव्हती.

घरी आले तर ताई जिन्यातच उभी होती. तोंड उतरलेलं. "काय म्हणाले?"

"चष्मा दिलाय," नवरा म्हणाला. मग जरा थांबून, जणू दुसरंच कुणी त्याच्या तोंडून बोलत असल्यासारखा, "पण परत बोलावलंय. तीन महिन्यांनी तपासणी."

काजवाली वाकून चपला काढत होती. तिनं मान वर केली नाही. तेवढंच तिचं पाप, पण पुढं तिला ते नवऱ्याच्या खोट्यापेक्षा जड गेलं.

त्या रात्री तिनं त्याला विचारलं, असं का बोललास. तो म्हणाला, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय, लांबचं बघा म्हणून. यात खोटं काय आहे? मग म्हणाला, एकदा जाऊन येऊ. एकदाच.

एक खोटं पचवायला दहा खोटी लागतात, असं म्हणतात. यांना दहा पुरली नाहीत. तीन महिन्यांनी ते दुसऱ्या शहरात गेले, कारण डॉक्टरीणबाई आता तिकडं बसतात. पुढच्या खेपेला तिसऱ्या, कारण तिथलं यंत्र नवीन आहे. नवरा तारखा ठरवायचा. शिंप्यांचा हंगाम सरला आणि दुकानात माशा मारायची वेळ आली की तपासणी निघायची. तेव्हा समुद्रकाठची गावंही ओस असायची आणि खोल्या सहज मिळायच्या. बसची शेवटची रांग, नाहीतर रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा डबा, आणि जिथं उतरायचं तिथून पायी. डब्यात उकडलेली अंडी. खोली बघताना तिनं पाण्याची चव घ्यायची आणि त्यानं दाराची कडी ओढून पाहायची, अशी वाटणी ठरून गेली. तटबंदीची शहरं तिला सगळ्यांत आवडायची. भिंतीच्या आत वाकड्या गल्ल्या, एकमेकांना टेकलेली घरं, वाळत घातलेले कपडे, आणि भिंतीवर चढलं की एकदम नुसतं पाणी. एका गावात दीपगृहाच्या रखवालदारानं त्यांना वर सोडलं. जिना चढताना नवऱ्याला धाप लागली, आणि ही आजारी बाई पुढं पळत गेली.

पण घरी परतताना, शेवटच्या वळणावर गल्ली दिसायला लागली की ती चपलांतली वाळू पुन्हा एकदा झटकायची. चोराच्या मनात चांदणं. उन्हानं चेहरा रापलेला असायचा. ताईला सांगितलं की तिथं दिव्याखाली बसवतात. कपड्यांच्या शिवणीत वाळू निघाली. हॉस्पिटल अगदी समुद्राला लागून आहे. ताई मान डोलवायची. खोटं बोलणाऱ्याला समोरच्यानं थोडी तरी शंका घ्यावी असं वाटतं, म्हणजे निदान भांडता येतं. ताईनं एकदाही घेतली नाही.

उलट ती काजवालीला जपायला लागली. पाण्याची बादली उचलू देईना. तू वाकू नकोस, चक्कर येईल. बाबांना कुशीवर वळवायचं काम दोघी मिळून करायच्या, ते ताई एकटीच करायला लागली. तिची कंबर धरायची, ती भिंतीला हात लावून उभी राहायची आणि परत कामाला लागायची. तपासणीहून आल्यावर दोन दिवस ताई तिला सुईलाही हात लावू द्यायची नाही. पलंगावर बसवून पातळ भात आणून द्यायची. तो भात ती खाली मान घालून संपवायची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. प्रत्येक वेळी ती ठरवायची, आता बास. आणि तीन महिने होत आले की खिडकीपाशी बसल्या बसल्या तिची नजर काजावरून उठून समोरच्या भिंतीवर जायची, आणि भिंतीपलीकडं पाणी आहे असं वाटायला लागायचं.

सांगितल्याशिवाय तिला राहवेना, म्हणून तिनं बाबांना सांगितलं. त्यांना बोलता येत नव्हतं, हे त्यातलं सोयीचं, हेही तिला कळत होतं. ताई दुपारी जरा पडली की ही बाबांच्या उशाशी बसायची आणि हळू आवाजात सांगायची: कुठलं गाव, कुठली खोली, बंदरात किती बोटी. यातली पुष्कळ गावं त्यांनी गाडी घेऊन पालथी घातलेली होती. एखादं नाव आलं की अर्धा चेहरा हसायचा आणि डावा हात चाक वळवल्यासारखा फिरायचा. त्या खोलीत तिला थोडं हलकं वाटायचं.

अशी चार वर्षं गेली असतील.

त्या खेपेला ते एका जुन्या बंदरात गेले होते. तटाची भिंत रुंद, वरून चालत सबंध गावाला वळसा घालता येतो. पहाटे पावसाची सर येऊन गेली होती; दगड ओले होते. काजवालीनं चपला हातात घेतल्या होत्या, कपड्यांची कड भिजलेली, दुसऱ्या हातात शेंगदाण्यांचा पुडा. नवरा पुढं वाकून खालच्या बोटींत कुठली कुणाची याचा अंदाज बांधत होता. तेवढ्यात लांबून हाक आली. ती हाक दोघांनीही ओळखली. ताईच्या ऑफिसात एक बाई होती, तिचा आवाज इतका मोठा की सगळे तिला ट्रंककॉल म्हणायचे. तिला फोनची गरजच नाही असा विनोद होता. नोकरी सुटल्यावरही ती ताईला भेटायला घरी येत असे.

टेलिफोनच्या दहाबारा बायका सहलीला आल्या होत्या. ट्रंककॉल त्यांना मागं सोडून झपाझप चालत आली आणि तिनं काजवालीचे दोन्ही खांदे धरले.

"तपासणी या गावात असते का? तब्येत कशी आहे गं आता?"

नवरा म्हणाला, आताच झाली, जरा हवा खायला आलो.

"बरं केलंत. ताईसुद्धा आज आमच्याबरोबर असायची खरं तर. सगळं ठरलं होतं, बसमध्ये माझ्या शेजारची खिडकीची जागा तिला ठेवली होती. मग म्हणाली, भावजयीची तारीख नेमकी याच आठवड्यात आलीय, बाबांपाशी कोण थांबणार? मी म्हटलं, तारीख चार दिवस पुढं ढकला की. तर म्हणते कशी, डॉक्टरांची तारीख असते, ती काय आपल्या हातात आहे?"

एवढं बोलून ट्रंककॉलनं पहिल्यांदा नीट पाहिलं. हातातल्या चपला पाहिल्या, ओली कड पाहिली, पुडा पाहिला. वळून समुद्राकडं पाहिलं. गावात हॉस्पिटल दिसावं असं काही नव्हतंच. भिंत, घरं आणि बोटी. तिचा आवाज इतका खाली जाऊ शकतो हे त्या दोघांना माहीत नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "येते मी. त्या थांबल्यात."

ती गेल्यावर नवरा भिंतीच्या कठड्यावर बसला. मग म्हणाला, "तिनं मला विचारलं होतं."

"कुणी?"

"ताईनं. गेल्या महिन्यात. दुकानात आली होती. म्हणाली, या खेपेची तारीख थोडी मागंपुढं होईल का. का ते बोलली नाही. मी मशीन उघडून बसलो होतो. म्हटलं, डॉक्टरांची तारीख आहे. वरसुद्धा बघितलं नाही."

काजवालीला हे ठाऊक नव्हतं. तिनं पुडा कठड्यावर ठेवला. तिला वाटलं आपण त्याच्यावर ओरडू, पण ओरडायला तोंड कुठं होतं? जिन्यात चपला काढताना वर न बघणारी तीच की.

नवरा म्हणाला, बसस्टँडवर जाऊन ट्रंककॉलला गाठतो, एवढं पोटात ठेवा म्हणून सांगतो. ती म्हणाली, तसं केलंस तर मी घरी येणार नाही. खोलीतलं सामान उचलून ते दुपारच्याच बसनं निघाले. वाटेत तो म्हणाला, "मी सांगतो. बोललो मी होतो." ती म्हणाली, "गप्प मी बसले होते. मीच सांगणार."

घरी पोचले तेव्हा ताई बाबांची नखं काढत होती. दोन दिवस आधी परत आलेले पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं? काही वाईट सांगितलं का?"

"ताई," काजवाली दारातूनच म्हणाली, "मला काहीही झालेलं नाही. कधीच नव्हतं. पहिल्या वेळीच त्यांनी सांगितलं होतं."

ताई तिच्याकडं बघत राहिली. नेलकटर हातात तसाच. "म्हणजे काहीच नाही? डोक्यात गाठबीठ काही नाही?"

"नाही."

ताई खाली बसली आणि तिला रडू आलं. तोंडावर हात धरून ती म्हणत होती, बाई गं, मी रोज मनाशी धरून चालले होते की ही काही फार दिवसांची नाही, आणि तुम्ही दोघं माझ्यापासून लपवताय. तिचा जीव भांड्यात पडला होता. काजवाली कशाचीही तयारी करून आली होती. या आनंदाची तिनं तयारी केलेली नव्हती. त्यापेक्षा ताईनं दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग ताईनं डोळे पुसून शांतपणे विचारलं, तर मग जात कुठं होता? काजवालीनं सगळं सांगितलं. एकेक गाव. नवरा भिंतीला टेकून उभा होता. दीपगृहाचं गाव आलं आणि खाटेवरून आवाज आला. बाबांचा अर्धा चेहरा हसत होता, डावा हात हवेत वळत होता. त्यांना काय चाललंय ते समजलं नव्हतं. ओळखीचं गाव आलं, एवढंच.

ताईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग भावजयीकडं.

"बाबांना माहीत होतं?"

"हो."

रागावलेला माणूस बरा, पण ही रागावली नाही. ताई उठली, नखांचे तुकडे कागदात गोळा केले आणि स्वयंपाकघरात गेली. रोजच्या वेळेला जेवण वाढलं. मिठात, तिखटात काही फरक नव्हता.

कितीतरी दिवस ती तशीच वागली. कामापुरतं बोलायची, आवाज चढवायची नाही. काजवाली सूत ओवायला घ्यायची आणि ते नेढ्यातून जायचं नाही. एका सकाळी तिनं नळाखालची बादली उचलायला हात घातला. सवयीनं ताई पुढं झाली, तिनं कडी धरलीसुद्धा. आणि सोडली.

"तूच उचल," ताई म्हणाली. "ही नव्हे. ती मोठी."

काजवालीनं मोठी बादली उचलली आणि आतपर्यंत नेली. तिथं पाठ करून ती रडली, पण त्या रडण्यात बरं वाटण्यासारखं काहीतरी होतं.

पुढच्या आठवड्यात ट्रंककॉल आली, आणि ताई तिच्याबरोबर गेली. पिशवी भरली, बाबांच्या गोळ्या कुठल्या कधी ते भावाला समजावलं, आणि निघाली. कुठं जातेय, कधी येणार, सांगितलं नाही. विचारायची हिंमत कुणाला होती? नवऱ्यानं दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला सुरुवात केली. आपला बाप वजनाला किती जड आहे हे त्याला तोवर माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांना कुशीवर वळवताना तो मोडलाच. चौथ्या दिवशी जमलं. शिंपी काजांसाठी जिन्यात येऊन कुरकुरायला लागले. रात्री दोघं समोरासमोर बसायचे, आणि पूर्वी ज्या गप्पांवर ते तासनतास हसायचे, त्यातली एकही त्यांना काढावीशी वाटायची नाही.

ताई परतली ती उन्हानं काळवंडून, पायात नव्या चपला घालून. कसं होतं, काजवालीनं विचारलं. चांगलं होतं, ताई म्हणाली. एवढंच. दुपारी ती बाबांच्या उशाशी बसून त्यांच्याशी बराच वेळ बोलत होती. काजवाली उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथलं दार लोटून घेतलं. ऐकायचा तिला हक्क नव्हता.

त्यानंतर घराची घडी बदलली. ताईनं एका दवाखान्यात फोनवर बसायची अर्ध्या दिवसाची नोकरी धरली. बाबांचं करायला तिघांच्या पाळ्या लागल्या. वेळापत्रक ताईनंच लावलं, टेलिफोनवालीला ते शिकवावं लागलं नाही. पुढं वर्षातून एकदा ती मैत्रिणींबरोबर जायची. हे दोघं मात्र कुठं गेले नाहीत. नवऱ्यानं एकदोनदा विषय काढला, पण काजवाली ऐकून न ऐकल्यासारखं करायची. आपण घरी बसलो म्हणजे थोडं फिटेल, असं तिला वाटत असावं. शेवटी ताईच एक दिवस वैतागली.

"तुम्ही घरात बसून मला काय परत मिळणार आहे? उलट दोघं डोळ्यांसमोर तोंड पाडून बसता. जा कुठंतरी. तारीख मी ठरवते."

तिनं ठरवलेल्या तारखेला ते गेले. गाव सुरेख होतं. खाडीच्या मुखाशी जुना बुरूज, त्याच्याखाली मासेमारीचा धक्का. खोलीची खिडकी समुद्रावर. पण काजवालीला झोप लागेना. उजवीकडं वळवलं असेल का, गोळी दिली असेल का, ताईची कंबर. संध्याकाळी धक्क्यावरच्या दुकानातून तिनं घरी, म्हणजे खाली दुकानात, फोन लावला. ताईनं उचलला. बाबा बरे आहेत. जेवले. हो, गोळी दिली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा लावला. तिसऱ्या संध्याकाळी ताईनं हॅलोसुद्धा पुरतं ऐकून घेतलं नाही.

"हे बघ, दरवेळी मला जिना उतरून खाली यावं लागतं आणि वर बाबांचा घास तोंडात असतो. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मी फोन किती वेळा उचलायचा? उद्या करू नकोस."

"बरं," काजवाली म्हणाली.

"आणि समुद्र बघ. तिथं गेलीयस तर बघ तरी."

फोन ठेवला गेला. बाहेर नवरा वाट पाहत उभा होता. काय म्हणाली, त्यानं विचारलं. काजवालीनं चष्मा पुसून डोळ्याला लावला आणि म्हणाली, उद्या फोन करू नका म्हणाली. मग दोघं धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथं फारसं कुणी नव्हतं. कितीतरी वेळ ती पाण्याकडं बघत उभी राहिली. ताईनं माफ केलं की नुसतं सोडून दिलं, हे त्या बोलण्यावरून तिला ठरवता येईना. विचारणं तिच्याच्यानं पुढंही कधी झालं नाही.